टेसाच्या हाताच्या मापाचं

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

प्लास्टर निघालं. टेसाचं मनगट बाहेर आलं ते पांढरंफटक, सुकलेलं, म्हातारीचं वाटावं असं. आत लोखंडी पट्टी, वर लांब शिवण. आणि पोरीचं वय एकोणतीस!

डॉक्टर बाईंनी विचारलं, "कसं झालं होतं हे?" ही म्हणते, "पायरीवरून पडले." कोर्टात जजसमोर खरं सांगून आली, पण दवाखान्यात पुन्हा पायरीच. सवय! मी शेजारीच बसले होते. पायरीचं नाव कोडी आहे हे त्या दवाखान्यात लादी पुसणाऱ्यालाही माहीत आहे.

कोर्टाने कोडीला, तिच्या नवऱ्याला, मनाई केली आहे. तिच्या जवळ जायचं नाही, फोन करायचा नाही, घरात बंदूक ठेवायची नाही. शेरीफचे पोलीस येऊन त्याच्या सगळ्या बंदुका घेऊन गेली. लोक म्हणतात, झालं की आता! काय झालं? मनगट काय बंदुकीने मोडलं होतं? हात कुठे जमा करून घेतलेत त्याचे?

परत येताना गाडीत ठरवलं. टेसाला हत्यार घ्यायचं. कपाटात ठेवायला नाही — रोज, अंगावर, जाईल तिथे.

तिला सांगितलं. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बरं."

२० ऑक्टोबर, रविवार

लॉनीचं जुनं रिव्हॉल्व्हर ट्रंकेतून काढलं. माझा नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली. फुप्फुसं खाणीतल्या कोळशाने भरून गेला, पण बंदुकांना तेल अखेरपर्यंत द्यायचा. हे त्याचं लाडकं. अवजड धूड! अस्वल आलं तर असावं म्हणून जंगलात न्यायचा. अस्वल कधी आलं नाही.

टेसाच्या कमरेला अडकवून बघितलं. दोन पावलं चालली आणि पँट घसरली. हसली! सप्टेंबरपासून पहिल्यांदा हसली. मीही हसले, मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

धूड परत ट्रंकेत. हे रोज कोण वागवणार? पहिल्या आठवड्यात कंटाळून गाडीत ठेवेल, आणि नेमका त्याच दिवशी तो समोर येईल.

२१ ऑक्टोबर, सोमवार

मुलांना सोडून माझी शाळेची बस जागेवर लावली आणि टेसाला घेऊन एस्टिलच्या दुकानात गेले. एस्टिल कोगर माझ्या वर्गातला. एका भिंतीला बंदुका, दुसऱ्या भिंतीला गळ आणि दोऱ्या, मधे बादलीत जिवंत मासे. आम्हाला बघून त्याने काही विचारलं नाही. मनगटाकडे बघितलं आणि काउंटरवर हिरवं कापड पसरलं.

आधी त्याने पिस्तुलं दाखवली. "हल्ली सगळ्यांना हीच लागतात. गोळ्याही जास्त." पण पिस्तुलाचा वरचा भाग जोर लावून मागे खेचावा लागतो. टेसाने ओठ दाबून दोनदा खेचून पाहिला. पट्टीवाला हात थरथरायला लागला. एस्टिलने हळूच ते काढून घेतलं.

"रिव्हॉल्व्हर," तो म्हणाला. "खेचाखेची नाही. उचललं, चाप ओढला, संपलं."

मग त्याने एक इवलंसं पुढे केलं. पाच गोळ्यांचं, वजनाला पिसासारखं, मूठ गुलाबी! "बायका हेच नेतात."

मी म्हणाले, "एस्टिल, बायका हे नेतात की तू त्यांच्या गळ्यात मारतोस?"

"ड्रीमा, चाळीस वर्षं झाली, तुझी जीभ काही बोथट होत नाही बघ."

"अंगावर ठेवलंय हे कळतच नाही, एस्टिलकाका," टेसा म्हणाली. तिला आवडलं होतं. मीही पाघळले. हलकं आहे, रोज वागवेल. दुकानामागच्या मातीच्या बांधावर एक गोळी झाडून बघ म्हटलं.

एकच झाडली. रिव्हॉल्व्हर हातातून सुटलं नाही एवढंच. ती मनगट पोटाशी धरून खाली बसली आणि आवाज न करता रडत राहिली. ते बघवत नाही — मार खाऊन खाऊन माणूस आवाज न करता रडायला शिकतं!

एस्टिलचा चेहरा पडला. "हलकं जितकं, तितका झटका हाताला. हे मी आधी सांगायला हवं होतं." हवंच होतं, गाढवा.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

मनगट सुजलंय. बर्फ लावला. गाढव मीही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

कोडी आला होता!

टेसा चारा-बियाण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसते. समोर रस्त्यापलीकडे त्याचा ट्रक दुपारभर उभा. आत तो. काही केलं नाही. खिडकी खाली करून सँडविच खात होता. टेसा म्हणाली, "माझ्याकडे बघून हात हलवला, आई. नेहमीसारखा."

शेरीफच्या ऑफिसात फोन केला. पोरगेला आवाज. "मॅडम, रस्ता सगळ्यांचा आहे. कोर्टाने सांगितलेल्या अंतराच्या बाहेर आहे तो." म्हणजे फितीने मोजून उभा राहिला असणार! मी विचारलं, "आणि आत आला तर?" तर म्हणे लगेच फोन करा. आमच्या खोऱ्यात पोचायला त्यांना किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. तेवढ्या वेळात माझी पूर्ण बसफेरी होते.

भीती वाटते. लिहून टाकते म्हणजे बरं वाटेल — मला वाटतं तो तिला मारून टाकेल. लिहिलं. बरं वाटलं नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

मिळालं.

सकाळीच एस्टिलकडे गेलो. या वेळी मी त्याला बोलूच दिलं नाही. म्हटलं, लॉनीचं धूड नको, तुझं खेळणंही नको, मधलं दाखव. तो म्हणाला, "तेच काढून ठेवलंय," आणि कापडाखालून तीन काढली.

तिन्ही मधल्या मापाची, सहा गोळ्यांची. पहिल्याची नळी लांब. नेम झकास, पण बसलं की कमरेत टोचतं, आणि ही दिवसभर स्टुलावर बसते. दुसरं नवंकोरं, चकचकीत, पण चाप असा कडक की माझंच बोट दुखलं. एस्टिल म्हणाला, "वापरून वापरून सैल होईल." मी म्हटलं, "तोवर कोडी थांबेल का?" त्याने ते बाजूला ठेवलं.

तिसरं वापरलेलं. एका निवृत्त तुरुंगरक्षक बाईचं होतं. साधं पोलाद, नळी तीन इंचांची, रबराची मूठ, मागच्या बाजूच्या घोड्याचं टोक घासून काढलेलं, म्हणजे कपड्यात अडकायला नको. तिने इतकी वर्षं वापरून चाप लोण्यासारखा करून ठेवलाय. टेसाने हातात घेतलं. मी तिच्या बोटांकडे बघत होते — लहानपणी तिला बूट घेताना अंगठा कुठवर येतो ते दाबून बघायचे, तसंच. बोट चापावर बरोबर पहिल्या पेरापर्यंत पोचत होतं. तळवा मुठीवर पुरा बसत होता. मनगट सरळ राहत होतं.

मागे जाऊन झाडलं. एस्टिलने सौम्य काडतुसं दिली होती. पोलादाच्या वजनाने झटका गिळला. तिने माझ्याकडे वळून बघितलं. "दुखलं नाही."

दुखलं नाही! एवढं ऐकायला मी आठवडाभर झुरत होते. तिच्या नावाचे सरकारी कागद तिनेच भरले, पैसे मी दिले. एस्टिलने काडतुसांचा एक डबा वर टाकला. "माझ्याकडून. सोमवारच्या चुकीबद्दल."

२७ ऑक्टोबर, रविवार

हत्यार निवडणं सोपं होतं. ते अंगावर कुठे ठेवायचं हेच नाकी नऊ आणणारं आहे! पोटाशी ठेवलं तर वाकताना टोचतं. पाठीला ठेवलं तर हात पोचत नाही. घोट्याला बांधलं तर काढेपर्यंत माणूस मरून जाईल. शेवटी उजव्या कमरेला, जरा मागे, चामड्याच्या होल्स्टरमध्ये. दुहेरी शिवणीचा जाड पट्टाही घेतला. साधा पट्टा वजनाने वळतो. वर लॉनीचा चौकटीचा शर्ट, सैल. दिसत नाही.

दिवसभर तिला उठबस करायला लावली. भांडी घास, लाकडं आण, गाडीत बस, उतर. "आई, मी काय सर्कशीतलं अस्वल आहे?" म्हणाली. चिडली होती. चिडू दे. चिडलेली बरी वाटते.

२ नोव्हेंबर, शनिवार

डोंगर कापून कोळसा काढला तिथे सपाटी उरलीय, सगळं गाव तिथेच नेम धरायला जातं. आज आम्ही दोघीच. मी कागदी थाळ्या फळीला ठोकल्या.

पोरीला नजर आहे! बापाची. हात उचलला, चाप ओढला, थाळीच्या मधोमध. सौम्य काडतुसं संपल्यावर जड घातली, तरी तिथेच. मी नाचायचीच बाकी होते.

मग ती दगडावर जाऊन बसली. रिव्हॉल्व्हर उघडून, रिकामं करून मांडीवर ठेवलं.

"ही थाळी म्हणजे कोण, आई?"

"कोणीही. जो अंगावर येईल तो."

"नाव घे ना."

मी नाव घेतलं नाही. म्हटलं, वारा सुटलाय, निघू या.

"आठ वर्षं त्याच्या शेजारी झोपलेय मी," ती म्हणाली. "त्याच्या पाठीवरचा तीळ न् तीळ मला माहीत आहे. तू मला तिथे गोळी घालायला शिकवतेस."

"त्याने तुझं मनगट मोडलं."

"मला माहीत आहे कुणाचं मनगट मोडलं!"

घरी आल्यावर तिने रिव्हॉल्व्हर पुसलं, तेल दिलं, भरलं, होल्स्टरमध्ये घातलं. अगदी मी सांगितलं त्या क्रमाने. मला वाटलं, समजलं तिला.

९ नोव्हेंबर, शनिवार

ट्रक आला नाही. पूर्ण आठवडाभर नाही. तरी जीव टांगणीला लागलेलाच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज बसच्या गॅरेजमध्ये बर्लशी कडाक्याचं भांडण झालं. बर्ल म्हणजे आमचा मेकॅनिक. तसा भला माणूस. माझ्या बसचा ब्रेक बघता बघता सहज म्हणाला, "कोडी भेटला होता. फार वाईट वाटलं ग. हरणांच्या शिकारीचा आठवडा तोंडावर आला आणि पोराच्या हातात रायफल नाही. आजोबांची रायफल, शेरीफच्या कपाटात पडलीय!"

मी म्हटलं, "टेसाच्या हातात लोखंड पडलंय, त्याचं काय?"

"ते चुकलंच त्याचं. पण एवढा आठवडा तरी जाऊ द्यायचा होता बाई. मग काय ते कोर्ट करायचं."

म्हणजे हरणं मारून होईपर्यंत हिने मार खायचा! मी हातातला थर्मास आपटला. कॉफी त्याच्या बुटांवर. तो बघतच राहिला, त्याला खरंच कळेना मी का भडकले ते.

आणि हा एकटा बर्ल नाही. दुकानात, चर्चच्या जेवणाला, पेट्रोल भरताना — सगळीकडे तेच. बिचारा कोडी. हरणांच्या आठवड्यात शाळा बंद, खाण बंद, सगळे पुरुष डोंगरात, आणि हा एकटा घरी खिडकीशी बसणार. इथे बायकोवर हात टाकलेल्याला माफी मिळते. शिकारीच्या पहिल्या सोमवारी रायफलीवाचून घरी बसलेल्याची मात्र दया येते. आणि कोणी बसवलं त्याला घरी? तर टेसाने! दुकानात गिऱ्हाइकं तिच्याशी नीट बोलत नाहीत. ती सांगत नाही, पण मी गेले होते, बघितलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

ती त्याच्याशी फोनवर बोलते.

गोठ्यामागे उभी होती. मी कोंबड्यांना दाणे टाकायला गेले आणि कानावर पडलं — "नको ना रडूस." मी दाण्यांची बादली तिथेच टाकली.

"किती दिवस चाललंय हे?"

"आई, तो पीत नाही आता. ऑगस्टपासून थेंब नाही म्हणतो."

"मनगट सप्टेंबरात मोडलं, टेसा!"

तिने फोन खिशात घातला. मग म्हणाली, "सगळे त्याला हसतात ग. मुलं ट्रकच्या काचेवर हरणाचे स्टिकर लावून पळतात. त्याने सांगितलं नाही, मला दुकानातून कळलं. माझ्यामुळे चाललंय ना ते."

मी ओरडले. खूप ओरडले. त्याच्याबद्दल जे जे मनात होतं ते सगळं. ती ऐकत उभी राहिली, हात कमरेशी, शर्टाच्या आत. मनात आलं — निदान ते तरी अंगावर आहे. देवा, तेवढं तरी असू दे.

२० नोव्हेंबर, बुधवार

बोलत नाही माझ्याशी. मीही नाही. दोघींचे डबे मात्र तिनेच भरले.

२३ नोव्हेंबर, शनिवार

एस्टिलकडे गेले. दुकानात हीऽ गर्दी, सगळे शिकारीच्या नारिंगी टोप्या घेतायत. त्याला कोपऱ्यात घेऊन फोनचं सांगितलं. वाटलं तो काही तोडगा सुचवेल. इतकं नेमकं हत्यार शोधून दिलं ना त्याने.

तो काउंटर पुसत राहिला. "ड्रीमा, माझ्याकडे सगळं आहे. जड, हलकं, मधलं. मनाला लावायचं काही नाही."

मी म्हटलं, "मग काय करू?"

"तिच्याशी बोल. त्याच्याबद्दल नको. तिच्याबद्दल."

घरी येऊन प्रयत्न केला. तिच्या आवडीची मक्याची भाकरी केली, वर लोणी. पलंगाच्या कडेला बसले. तोंडून काय निघालं? "होल्स्टर टोचत तर नाही ना?" ती हसली, पण ते हसणं मला आवडलं नाही. "नाही आई. छान बसतं."

२५ नोव्हेंबर, सोमवार

हरणांचा पहिला दिवस. पहाटेपासून डोंगर धडाडतोय. शाळा बंद, बस उभी. टेसा कामाला गेली, दुकान आज सगळ्यात चालतं. जाताना मी पट्टा हाताने ओढून बघितला. घट्ट होता.

संध्याकाळी आली नाही.

फोन तिनेच केला. "आई, मी कोडीकडे आहे. माझ्या मनाने आलेय. कुणी ओढून आणलं नाही. शेरीफला फोन करू नकोस. केलास तर मी पुन्हा तुझ्या दारात येणार नाही, आणि हे मी खरं बोलतेय."

मी फक्त एवढंच विचारलं, "कमरेला आहे ना?"

"आहे ग आई. आहे."

२६ नोव्हेंबर, मंगळवार

फोन हातात घेऊन बसले. शेरीफचा नंबर दोनदा लावला, दोनदा ठेवला. लावला तर मुलगी जाते. नाही लावला तर — लिहवत नाही.

एका गोष्टीवर तगून आहे. आता ती पहिल्यासारखी मोकळ्या हाताने गेलेली नाही. सहा गोळ्या आहेत, हात बसलेला आहे, नजर बापाची आहे. त्याने हात उचलला तर या वेळी तिच्याकडे काहीतरी आहे. हे मी दिवसभर स्वतःला सांगतेय, आणि दिवसभर ते पुरलंय.

२७ नोव्हेंबर, बुधवार

टेसाचा फोन. उद्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला येते म्हणाली. "दोघं येऊ, आई. दोघं, नाहीतर कोणीच नाही."

मी म्हटलं, या.

टर्की फ्रीजमधून काढून ठेवली. भोपळ्याचा गोड केक केला. कोडीला भोपळ्याचा आवडतो. त्याच्यासाठी केला नाही. टेसाला तो खुशीत असलेला बरा, म्हणून केला.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आले. टेसाने मला मिठी मारली. मी तिच्या कमरेवर हात फिरवला. शर्टाखाली काही नव्हतं.

कोडीने कोट काढून खुंटीला लावला. जाड पट्टा, दुहेरी शिवण, उजव्या कमरेला जरा मागे — मी घेतलेलं होल्स्टर, आणि त्यात ते.

"माझा त्याच्यावर भरवसा आहे हे त्याला दिसायला हवं होतं, आई," टेसा म्हणाली. "म्हणून मीच दिलं."

कोडी खुर्ची ओढून बसला, मुठीवर हात ठेवून. "हाताला काय बसतं हो! झकास निवडलंत, आई."

मी ताटं मांडली.